चौथ्या जाळीपाशी

भिलाईत मला राहायला मिळालेलं पहिलं घर चाकांवर होतं. रबराची चाकं, वर पत्र्याची लांबट खोली आणि पुढे ट्रॅक्टरला जोडायचा दांडा. पोलाद कारखान्याच्या सर्व्हेसाठी रशियन लोकांनी ती गाडी आणली होती. त्यांना पक्की हॉस्टेलं मिळाली तशी ती आमच्या ठेकेदाराच्या यार्डात येऊन पडली. मी पत्रा मिस्त्री होतो आणि यार्डाच्या सामानाची राखणही माझ्याच अंगावर होती, म्हणून ठेकेदारानं ती मला राहायला दिली. बाकीचे मिस्त्री ताडपत्रीच्या झोपड्यांत होते. आम्ही त्या गाडीला डबा म्हणायचो.

"काय मिस्त्री, तुमचा तं बंगलाच रशियन निंगाला," जोडीदार चिडवायचे. "आमाले बी बोलवत जा आंग शेकाले."

मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू? चौथीत शाळा सुटलेला माणूस मी. सही करताना आजही जीभ दाताखाली येते. पण पत्रा माझ्या हातात आला की कागदासारखा वळायचा, आणि माझ्या हातचा सांधा कोणी नखानं उचकटून दाखवावा, असं मी चारचौघांत म्हणायचो.

डब्यात गरम हवेची सोय होती, म्हणून तर सगळा रुबाब. पुढच्या टोकाला, दाराजवळ, कपाटाएवढी लोखंडी पेटी. तिच्यात कोळसा बाहेरच्या बाजूनं टाकायचा, धूर धुरांड्यानं वर जायचा. पेटीला लागून विजेचा पंखा. हा पंखा गरम झालेली हवा जमिनीखालच्या पत्र्याच्या नळीत ढकलायचा आणि ती जमिनीतल्या चार जाळ्यांतून वर यायची. पहिली जाळी दाराशी, चौथी थेट मागच्या टोकाला. याशिवाय पेटीच्या बाजूला, भिंतीत खाली, एक मोठी जाळी होती. तिच्यातून काहीच येत नसे.

डबा ताब्यात देताना एक रशियन मेकॅनिक आला होता. त्याला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची. त्यानं त्या मोठ्या जाळीवर हात ठेवला, छाती फुगेपर्यंत श्वास ओढला आणि मग पहिल्या जाळीकडे तोंड करून जोरात फुंकर मारली. आम्ही सगळे हसलो. मीही फुंकर मारून दाखवली. तोही हसला आणि त्यानं माझ्या पाठीवर थाप दिली. गडी मस्करी करून राहिला, असं मी समजलो.

तुम्ही म्हणाल, हवेच्या नळ्या करणाऱ्या मिस्त्रीला एवढं कळू नये? त्याचं असं होतं, की कारखान्याच्या कामात आमच्या टोळीकडे पंख्याच्या पुढच्या नळ्या होत्या. पंख्याच्या मागचं काम दुसरी टोळी करायची. त्या बाजूला आम्ही कधी वाकूनही पाहिलं नाही. उलट त्यांना हिणवायचो, की तुमच्या कामात काय आहे, नुसतं भोक तर ठेवायचं. पंखा ढकलतो एवढं मला ठाऊक होतं. ढकलायला त्याला हवा कुठून मिळते, हा प्रश्न त्या वयापर्यंत मला कधी पडला नव्हता.

त्या हिवाळ्यात बायकोचे दिवस भरत आले. तिला आई नव्हती, तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी होणार नव्हतं. माझी माय भंडाऱ्याकडच्या गावाहून आली. बरोबर तांदळाची पिशवी, डिंक, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली भगवान बुद्धांची तसबीर. दोनेक वर्षांपूर्वी आम्ही नागपूरला दीक्षा घेतली होती. मायनं तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते आणि मागं वळून पाहिलं नव्हतं. आल्या दिवशीच तिनं उगवतीच्या भिंतीवर, त्या मोठ्या जाळीच्या वर, फळी ठोकायला लावली. तसबीर ठेवली, मेणबत्ती लावली.

मेणबत्ती विझली.

पुन्हा लावली, पुन्हा विझली. दुसऱ्या संध्याकाळी तेच. ज्योत खाली वाकायची, जाळीकडे ओढल्यासारखी व्हायची आणि जायची. शेजारच्या झोपडीत आमच्याच भागातला एक हमाल राहायचा. त्यानं देव सोडले नव्हते. तो दारातून पाहून म्हणाला, "काकी, जुने लोक रागावले वाटते तुमच्यावर."

त्या संध्याकाळी माय जेवलीच नाही.

मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी कामावरून चांगला जाड पत्रा आणला, मापात कापला, कडा दुमडल्या आणि त्या मोठ्या जाळीवर रिबेट ठोकून बसवला. सुई जाणार नाही असा. संध्याकाळी मेणबत्तीची ज्योत भिंतीवर काढल्यासारखी सरळ उभी राहिली. माय तिच्यापुढे हात जोडून कितीतरी वेळ बसली. उठली तेव्हा मला म्हणाली, "बापू, हाताले गुण हाय तुह्या."

हमालालाही मी मुद्दाम बोलावून ती ज्योत दाखवली.

थोड्याच दिवसांत मुलगी झाली. सुईण यार्डातल्याच एका रेजाची, म्हणजे मजूर बाईची, सासू होती, छत्तीसगढी बाई. तिनं नाळ कापली आणि पोरीला उलटं धरून पाठीवर चापट मारली, तेव्हा पोरगी अशी ओरडली, की बाहेर नटबोल्ट मोजत असलेल्या माझ्या हातातून नट खाली पडला.

मायनं दीक्षा घेतली होती तरी बाळंतिणीचा कोपरा तिनं सोडला नव्हता. डब्याच्या मागच्या टोकाला बाज टाकली, लुगड्याचा आडोसा केला आणि सांगितलं, की नाव ठेवेपर्यंत हिनं इथून हलायचं नाही. पुढं दाराशी माणसं येतात, वारं येतं, नजर लागते. म्हणजे बायको चौथ्या जाळीपाशी आणि माय पहिल्या. मी रात्री यार्डाच्या शेडमध्ये राखणीला.

मग शेगडीवरून आमचं वाजलं.

"इस्तो आण," माय म्हणाली. "बाजेखाली शेगडी नाही तं बाळंतिणीची कंबर कशी शेकन?"

"डब्यात निखारे नाही ठेवता येत, माय. खाली लाकूड हाय. पेटलं तं?"

"मंग थंडीत ठेवतं का तिले?"

"गरम हवा येते ना जाळीतून! मोठ्या साहेबाच्या बायकोले नाही अशी सोय. शेगडी कायले पाहिजे?"

हे मी मोठ्यानं बोललो, आडोशापलीकडं ऐकू जावं म्हणून. माय म्हणाली, "नाही शेकलं तं मी तिले घेऊन गावाले जाईन. सांगून ठेवतो तुले." रागात ती पुरुषासारखं बोलायची.

आणि खरं सांगायचं तर तेव्हाही चौथ्या जाळीतून हवा जवळजवळ येतच नव्हती. पत्रा ठोकल्यापासून सगळ्याच जाळ्या मंदावल्या होत्या. पहिलीपाशी जराशी ऊब, दुसरीपाशी हात नीट धरला तर कळेल एवढी, चौथीपाशी काही नाही. माझ्या ते ध्यानात आलं होतं. मी म्हणालो, कोळसा ओला असेल.

बायको कापसाच्या गावची. पोरीच्या टाळूवर तेलात भिजवून ठेवायला मायनं सरकी काढलेला कापूस आणला होता. बायकोनं पडल्या पडल्या त्याचा एक बारीक पदर ओढला आणि चौथ्या जाळीच्या तारेला बांधला. मायला सांगून बाकीच्या जाळ्यांनाही बांधून घेतला. दिवसभर पोरीला पाजत ती त्या कापसाकडं पाहायची.

एक दिवस दुपारच्या सुट्टीत मी जेवायला आलो तेव्हा आडोशामागून म्हणाली, "अवो, एक पाहा. दार उघडलं का कापूस हालते. लावलं का पडून जाते."

"बाहेरचा वारा हाय तो."

"बाहेरचा वारा तं थंडा असते. हा गरम येऊन राहिला. हात लावून पाहा."

मी दार उघडलं, मागं येऊन चौथ्या जाळीवर हात धरला. गरम होती. कापूस उभा राहून थरथरत होता. माय दार लावून घ्यायला उठली आणि दार लागलं तसा कापूस जाळीवर आडवा झाला, हात गार पडला.

"डब्ब्याले श्वास घ्याले जागाच नाही," बायको म्हणाली. "कुठून तरी घेइन तेव्हाच सोडन ना तो?"

तेव्हा मला तो मेकॅनिक आठवला, त्याची फुगलेली छाती, मोठ्या जाळीवर ठेवलेला हात. पेटीची एक फट दाराच्या चौकटीत होती; दार लागलं की ती झाकायची आणि उघडलं की पंख्याला तेवढीच हवा मिळायची. तिथल्या तिथं सगळं कळलं. मागं वळून पाहिलं, तर पत्र्यावरच्या फळीवर तसबीर, आणि सकाळची अर्धी मेणबत्ती. पत्र्याच्या कडा मी किती साफ दुमडल्या होत्या!

"तू पड चुपचाप," मी म्हणालो. "नळीचं काम मले शिकवतं का?"

"मी कायले शिकवू? कापूस सांगून राहिला."

मी जेवलो नाही. भूक नाही म्हणालो आणि तसाच डब्याखाली शिरलो. पाठीवर पडून नळी तपासली. तिसऱ्या जाळीच्या अलीकडं नळी चाकाच्या दांड्याला घासून चेपली होती. ती मी ठोकून गोल केली. सांधे सुटले होते तिथं ओली सुतळी भरली, वरून गोणपाट गुंडाळून तारेनं आवळलं. आत येऊन पहिली आणि दुसरी जाळी पत्र्याच्या पट्टीनं अर्धी झाकली, म्हणजे हवा मागच्या जाळ्यांकडं रेटली जाईल. हे सगळं बरोबरच होतं. कोणताही मिस्त्री हेच करेल. चौथीचा कापूस थोडा हलू लागला. मी मायला बोलावून दाखवलं.

पण जे करायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं मी केलं, हे मला डब्याखाली पडल्या पडल्याही माहीत होतं. चेहऱ्यावर गंज पडत होता आणि मी मनात एकच जपत होतो, की पत्रा काढला तर मेणबत्ती विझेल, माय पुन्हा जेवणार नाही, तो हमाल दारात येऊन हसेल. हे कारण खरं होतं. त्याच्यामागं आणखी एक होतं. बाळंतीण बाई, तीही खाटेवरून न उठता, माझं काम चुकलं म्हणून दाखवते आणि ती बरोबर असते, हे मला गिळवत नव्हतं.

परवा पाहू, म्हणालो.

मग थंडीनं जोर धरला. जामुलच्या बाजूनं, कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांवरून, जो वारा यायचा तो यार्डातल्या पत्र्यांवरून शिट्टी वाजवत जायचा. शेडमध्ये दोन गोणपाटं पांघरूनही माझे दात वाजत होते. पहाटे भोंगा व्हायच्या आधी मी बाहेरून पेटीत कोळसा टाकला. आत डोकवायला दार ढकललं तर पुढं काही तरी अडलं.

बायको जमिनीवर झोपली होती. मागच्या टोकापासून पुढच्या दारापर्यंत आली होती आणि पहिल्या जाळीला लागून, उघड्या फळ्यांवर, उताणी पडली होती. गोधडी अंगावर होती, अंगाखाली नव्हती. पोरगी तिच्या पोटावर पालथी, गोधडीत गुंडाळलेली, फक्त नाक दिसत होतं. मी ठोकलेली ती अर्धी पट्टी तिनं चमच्याच्या दांड्यानं वाकवून जाळी पूर्ण उघडली होती. चमचा तिच्या हातातच होता. पोरीला जेवढी म्हणून ऊब तिथून येत होती ती मिळत होती. खालून फळ्यांच्या फटींतून येणारा वारा सगळा हिच्या पाठीला.

मी तिच्या हाताला हात लावला. बाहेर ठेवलेल्या पाइपासारखा होता.

मायला जाग आली. उठून बसली आणि पाहून कपाळावर हात मारला. "अवं, बाळंतीण अन् जमिनीवर? मले हाक नाही मारता आली? ओल्ले लंगोट जाळीवर वाळू घालतं, मंग गरमी येइन कुठून? चार दिवसापासून सांगून राहिलो मी."

बायको उठायला गेली, उठवलं नाही. ती मायकडं पाहत नव्हती. माझ्याकडं पाहत होती. मी त्या दुपारी जाळीवर हात धरला होता आणि मला गरम लागलं होतं, हे तिला माहीत होतं. ते मला माहीत आहे, हेही तिला माहीत होतं.

"लंगोटाचं नाही, माय," मी म्हणालो.

"तं मंग?"

"त्या पत्र्याचं."

"कोणत्या?"

"तसबिरीखालचा. मी ठोकला तो. डब्बा हवा तिथून घेते. मी त्याचं नाकच बंद केलं. हिनं मले परवाच सांगतलं होतं. मले तेव्हाच समजलं होतं."

माय माझ्याकडं पाहत राहिली. मग फळीकडं. "अन् तरी तू गप राह्यला?"

मी छिन्नी आणि हातोडा घेतला. माय उठली, तसबीर उतरवून छातीशी धरून उभी राहिली. मी रिबेट तोडू लागलो. एक एक रिबेट तुटायला वेळ लागत होता, कारण काम पक्कं केलं होतं. आवाजानं पोरगी उठून रडायला लागली. बाहेरून तो हमाल ओरडला, "ओ मिस्त्री, सक्काळी सक्काळी घर तोडून राहिले का?"

पत्रा खाली पडला तसा पंख्याचा आवाज बदलला. इतके दिवस तो कण्हत होता हे मला आता ऐकू आलं. जाळीवर साचलेली धूळ आत ओढली गेली आणि दाराशी बांधलेला कापूस ताठ उभा झाला. मी मागं गेलो. चौथीचाही उभा होता, दार लावलेलं असताना.

"मंग भगवंताले कुठं ठेवू आता?" मायचा आवाज पहिल्यांदा मला म्हातारा वाटला. "उगवतीची भिंत तं हेच हाय."

बायको पहिल्या जाळीपाशीच भिंतीला टेकून बसली होती, पोरीला छातीला लावून. दात वाजत होते तरी म्हणाली, "आत्याबाई, उगवतीचं काय घेऊन बसल्या? दिशा तं आपण देवासंगंच नदीत सोडल्या ना."

मायनं डोळे मोठे केले. "पाहा, पाहा हिचं तोंड! हागऱ्या पोरीची माय झाली अन् जीभ फुटली." पण तसबीर घेऊन ती समोरच्या भिंतीकडं गेली, जिथं खाली कोणतीच जाळी नव्हती, आणि मला म्हणाली, "उभा कायले? फळी काढ अन् इथं ठोक. नीट ठोकजो, तुले लय येते ना ठोकता."

एवढंच करायचं होतं. फळी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर. मी चार खिळे ठोकले. मायनं मेणबत्ती लावली आणि ती जळत राहिली.

मी बायकोला उचलून मागं बाजेवर नेलं. तिला ते नको होतं. सासूसमोर नवऱ्यानं उचलायचं म्हणजे काय, पण पायात बळ नव्हतं. दुपारपर्यंत तिला ताप भरला. मायनं वाळूच्या पुरचुंड्या जाळीवर तापवून पाठ शेकली, दवाखान्याची बाटली आली, ताप उतरला. पाठीत मात्र तिथं, डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, काहीतरी बसून राहिलं ते राहिलंच. आता आम्ही हुडको वसाहतीत राहतो, पोरीची पोरं मोठी झाली, तरी दिवाळी गेली की ती त्या जागी हात नेऊन थांबते. मी वाळू तापवून देतो. ती घेते आणि पाठ करून बसते.

त्या दिवशी संध्याकाळी कामावरून आलो तेव्हा डबा आतून भाकरीच्या तव्यासारखा गरम होता. पोरगी हातपाय उघडे टाकून झोपली होती. आडोशाशी मी उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं. दिवसभर पत्र्यावर हातोडा मारताना मी तेच जुळवत होतो. तिथं पोहोचल्यावर मात्र मी वाकून चौथ्या जाळीवरचा कापूस सोडायला लागलो.

"राहू द्या तो," ती म्हणाली.

"आता कायले पाहिजे? हवा येऊन राहिली. मी पाहिली."

"राहू द्या. मले दिसला पाहिजे."

मी हात मागं घेतला. सेक्टरमध्ये क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही त्या डब्यात राहिलो, आणि तोवर कापूस तिथंच होता. मळला की ती नवा बांधायची. कोळसा टाकून मी आत आलो आणि "झाली का गरमी?" म्हणून विचारलं, की ती माझ्याकडं न पाहता आधी त्याच्याकडं पाहायची आणि मग हो म्हणायची.